गोदावरीच्या गाळातील वायू कसा शोधतात?

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीस मिळते, तेव्हा अकोले-संगमनेरकडील माती तिच्या पाण्यात मिसळलेली असते. हल्ली या मातीचा बराचसा भाग जायकवाडीच्या जलाशयात बसतो. परंतु धरण होण्यापूर्वी लक्षावधी वर्षे असा गाळ बंगालच्या उपसागरापर्यंत जात असे. तेथे, आंध्र प्रदेशातील नदीमुखाशी व पुढील समुद्रतळावर, वाळू आणि चिकणमातीचे थर एकावर एक साचले. त्यांत गाडला गेलेला पालापाचोळा व जीवांचे अवशेष हवेवाचून कुजले. गोबर गॅसच्या टाकीत शेण कुजून जो मिथेन निघतो, तोच तेथेही निर्माण झाला. नैसर्गिक वायू म्हणतात तो मुख्यतः हाच. तो वाळूच्या थरात शिरला व वरच्या चिकणमातीने त्यास कोंडून ठेवले. आपल्याकडे नदीकाठचा गाळ उथळ असून त्याखाली काळा पाषाण लागतो. त्यामुळे या गाळात असा साठा होत नाही.

हा वायू शोधण्यास ध्वनीची मदत घेतात. जमिनीवर भोके पाडून लहान सुरुंग उडवितात. समुद्रात दाबलेली हवा एकदम सोडतात. निघालेली लहर प्रत्येक थरावर आदळून अंशतः परत फिरते. डोंगरकड्यापुढे आरोळी दिली असता प्रतिध्वनी येतो, त्यातलाच हा प्रकार होय. परतलेल्या लहरी ओळीने मांडलेली यंत्रे टिपून घेतात. लहर २ सेकंदांनी परतली व तिचा सरासरी वेग सेकंदास २,००० मीटर असला, तर जाण्यायेण्याचे अंतर ४,००० मीटर, म्हणजे थराची खोली २,००० मीटर ठरते. वायू असलेल्या वाळूत हा वेग घटतो. त्यामुळे तेथून येणारा प्रतिध्वनी पुष्कळदा आजूबाजूपेक्षा जोरकस असतो.

मेख आहे ती येथेच. वाळूतील पाण्यात थोडासा वायू मिसळला तरी वेग एकदम उतरतो. सबब वायू असावा एवढे कळते. तो किती, हे विंधल्यावाचून कळत नाही. विंधल्यावरही अंदाज चुकतात. काकिनाड्यासमोरील समुद्रात २००२ साली मोठे साठे सापडले व २००९ मध्ये तेथून वायू निघू लागला. पण तो अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरला आणि तेथील दोन मुख्य क्षेत्रांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

विहिरीची जागा पाहताना बहुधा ध्वनीऐवजी वीज जमिनीत सोडून थरांचा विद्युतरोध मोजतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही ही पद्धत वापरते. तेथेही यंत्र थरांतील फरक दाखविते, पाण्याचे माप देत नाही. कर्ज काढून विंधन विहीर घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यास कार्यकर्त्यांनी हे आधीच सांगावे, आणि शेजारच्या विहिरींना वैशाखात किती पाणी असते याची चौकशी करूनच जागा ठरवावी.