शस्त्रसज्जतेला हवे मागणीचे सातत्य
तेजसचे इंजिन, मुंबईच्या पाणबुड्या आणि 'विक्रांत'चे पोलाद यांतून मिळणारा धडा

नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या 'तेजस मार्क-१ए' विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेप घेतली. नाशिककरांच्या दृष्टीने हा अभिमानाचा क्षण होता. मात्र, ज्या ८३ विमानांसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये करार झाला, त्यांतील पहिले विमान मार्च २०२४ मध्येच हवाई दलाला मिळणे अपेक्षित होते. दरम्यान, सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमाने निवृत्त झाली आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या तुलनेत हवाई दलाकडे केवळ २९ स्क्वाड्रन उरल्या. विमानाचे सांगाडे तयार आहेत, पण इंजिन नाही, अशी स्थिती ओढवण्याचे कारण समजून घेतले, तर संरक्षण उत्पादनातील पुरवठा साखळीचे मर्म ध्यानात येते.

इंजिन का रखडले?

तेजसला अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे एफ-४०४ इंजिन बसवले जाते. आधीच्या मागणीतील ६५ इंजिने २०१६ पर्यंत देऊन झाली. पुढची मागणी आलीच नाही, त्यामुळे कंपनीने या इंजिनाचे उत्पादन थांबवले. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने आणखी ९९ इंजिनांची मागणी नोंदवली, तेव्हा बंद पडलेले उत्पादन पुन्हा उभे करण्याची वेळ आली. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांनाही नव्याने जोडून घ्यावे लागले. परिणामी, पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले. जगातील एका बलाढ्य कंपनीलाही पाच वर्षांचा खंड इतका महागात पडतो. मग भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

मुंबईने घेतलेला अनुभव

असाच अनुभव मुंबईच्या माझगाव गोदीने पूर्वी घेतला आहे. जर्मन बनावटीच्या 'शल्की' आणि 'शंकुल' या पाणबुड्या येथे बांधण्यात आल्या व त्या अनुक्रमे १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात दाखल झाल्या. मात्र, या व्यवहारातील दलालीच्या आरोपांचे वादळ उठल्याने पुढील मागणी आली नाही. पाणबुडीच्या जाड पोलादी कवचाचे जोडकाम हे अत्यंत कौशल्याचे काम असते. काम थांबले की जाणते कारागीर निवृत्त होतात किंवा अन्यत्र जातात आणि त्यांच्याबरोबर ती विद्याही जाते. स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये झाला, तेव्हा गोदीला बरेच काही नव्याने शिकावे लागले. त्यांतील पहिली 'कलवरी' २०१२ ऐवजी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली.

'विक्रांत'चे पोलाद

याच्या नेमके उलट उदाहरण 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचे आहे. तिच्यासाठी लागणारे विशेष पोलाद रशियाकडून येणार होते, पण ते अपेक्षेप्रमाणे मिळू शकले नाही. तेव्हा हैदराबाद येथील संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने 'डीएमआर-२४९' हे पोलाद विकसित केले आणि भारतीय पोलाद प्राधिकरणाने, म्हणजेच 'सेल'ने, त्याचे उत्पादन हाती घेतले. भिलाई, बोकारो आणि रुरकेला येथील कारखान्यांतून सुमारे ३० हजार टन पोलाद या नौकेसाठी पुरवण्यात आले. 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झाली.

हे पोलाद एका नौकेपुरते मर्यादित राहिले नाही, ही यातील खरी महत्त्वाची बाब. 'कमोर्ता' वर्गातील नौकांसाठी ते वापरले गेले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालेल्या 'निलगिरी'लाही तेच पोलाद वापरण्यात आले. मागणी चालू राहिल्याने कौशल्य टिकले आणि संशोधनावरील खर्च सार्थकी लागला.

लघुउद्योगांचे गणित

संरक्षण सामग्रीचा साधा सुटा भाग तयार करण्यासाठीही विशिष्ट धातू, अचूक यंत्रे आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी आवश्यक असते. विमानाच्या भागांना स्वतंत्र प्रमाणपत्र लागते आणि ते मिळवण्यात दीर्घ काळ जातो. एवढे सोपस्कार करून मागणी आली ती जेमतेम काही नगांची आणि पुढची कधी येणार हे ठाऊक नाही, अशी स्थिती असेल, तर कर्ज काढून यंत्र घेण्याचे धाडस उद्योजक करीत नाही. तो मोटारींच्या सुट्या भागांकडे वळतो, कारण तेथे नफा कमी असला तरी काम नियमित असते.

या दृष्टीने ऑगस्ट २०२० पासून जाहीर होत गेलेल्या आयातबंदीच्या याद्या उपयुक्त ठरल्या. पहिल्या यादीत १०१ वस्तू होत्या आणि पाच याद्यांत मिळून त्यांची संख्या ५०९ झाली. कोणती वस्तू कधीपासून देशातच घेतली जाणार, हे उद्योजकाला आधी कळू लागले. देशातील संरक्षण उत्पादन २०२४-२५ मध्ये १,५०,५९० कोटी रुपयांवर पोहोचले, ही वाढही लक्षणीय आहे.

तथापि, यादी म्हणजे मागणी नव्हे. सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी कमाल ४५ दिवसांत चुकती करावीत, असे कायदा सांगतो. मोठ्या कंपनीने ते पाळले, तरच खालच्या थरातील कारखान्याला पुढच्या महिन्याचा धातू विकत घेता येतो. दहा वर्षांत किती नग लागतील, हे सैन्यदलांनी आधी सांगणे आणि मधल्या काळात थोडी का होईना मागणी चालू ठेवणे, हा यावरील उपाय आहे. त्यासाठी शांततेच्या काळात पैसा खर्च करावा लागेल. तो वाचवण्याची किंमत किती मोठी असते, हे इंजिनाची वाट पाहणाऱ्या तेजसच्या सांगाड्यांनी दाखवून दिले आहे.