गोलबर्नचा रॅम्बो

सिडनीहून कॅनबेराकडे निघालं की साधारण 200 किलोमीटरवर, गोलबर्न गावाच्या वेशीवर, एक मेंढा उभा दिसतो. उंची 15.2 मीटर, लांबी 18 मीटर, वजन जवळपास 100 टन! हा ऑस्ट्रेलियाचा ‘बिग मेरिनो’. गावकरी त्याला लाडाने ‘रॅम्बो’ म्हणतात. इंग्रजीत मेंढ्याला ‘रॅम’, म्हणून.

लोकर हा या भागाचा जुना धंदा. त्याच्या कौतुकापोटी 1985 साली हा काँक्रीटचा मेंढा उभा राहिला. अंगावर लोकरीच्या वळ्या, कानाशी वेटोळी शिंगं. पोटात दुकान, वर लोकरीचं प्रदर्शन आणि जिना चढून गेलं की थेट त्याच्या डोळ्यांतून गाव बघायचं. कारागिरांनी नर असल्याचा पुरावाही मागच्या बाजूला अगदी सढळ हाताने घडवलाय. फोटो काढणाऱ्यांची गर्दी तिथेच जास्त!

1992 मध्ये मात्र बायपास झाला, गाड्या परस्पर जाऊ लागल्या आणि गिऱ्हाईक आटलं.

मग? 2007 साली अख्खा मेंढाच उचलला आणि सुमारे 800 मीटर सरकवून हायवेच्या फाट्याजवळ आणून ठेवला. आता शेजारी पेट्रोल पंप आहे. टाकी भरेपर्यंत पोरं त्याच्या पायाशी पोचलेली असतात.