गिगाहर्ट्झचा गाजावाजा

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतील ऑरलँडो शहरात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील बड्या मंडळींची परिषद भरली होती. व्यासपीठावर होते इंटेलचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग बॅरेट. जगातील बहुसंख्य संगणकांच्या पोटात ज्यांच्या कंपनीची चिप धडधडत होती, ते हे साहेब भर सभेत चक्क गुडघे टेकून बसले आणि त्यांनी उपस्थितांची क्षमा मागितली. अपराध काय, तर चार गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम ४ प्रोसेसर बाजारात आणण्याचे वचन कंपनीने दिले होते आणि ते पाळणे आता शक्य नव्हते. साष्टांग दंडवत तेवढा राहिला!

सभागृहात हशा पिकला. पण या विनोदामागे चार वर्षांचा इतिहास होता. त्या काळात संगणक उद्योगाने जगभरच्या ग्राहकांना एकच मंत्र शिकविला होता: खोक्यावरचा आकडा जितका मोठा, तितका संगणक वेगवान. हा मंत्र अर्धसत्य आहे, असे ओरडून सांगणारे काही संगणकवेडे तेव्हाही होते. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या या विक्षिप्त मंडळींची लोकांनी थट्टा केली. अखेरीस खरे ठरले ते मात्र तेच.

वाढपी आणि पळी

गिगाहर्ट्झ हे आहे तरी काय? प्रोसेसरच्या आत एक ठेका सतत वाजत असतो आणि त्या ठेक्यावर त्याचे सारे काम चालते. सेकंदाला एक अब्ज ठोके पडले की झाला एक गिगाहर्ट्झ. ठोके अधिक म्हणजे काम अधिक, हा निष्कर्ष वरकरणी सरळ दिसतो. परंतु एका ठोक्यात काम किती होते, हा प्रश्न त्यात गाळलेला असतो.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्यावे. एक वाढपी पंगतीतून वाऱ्यासारखा धावतो आहे. पण त्याच्या हाती चहाचा चमचा आहे. दुसरा संथपणे चालतो, मात्र त्याच्या हाती भलीमोठी पळी आहे. पाने लवकर कोणाची भरतील? केवळ पावले मोजून वाढप्याची परीक्षा करणारा यजमान पहिल्याला बक्षीस देईल आणि पाहुणे उपाशी उठतील. सन २००० नंतरच्या संगणक बाजारात नेमके हेच घडले.

आकड्यावरून नाव, नावावरून आकडा

या कथेला एक मराठी मुलखाचा धागाही आहे. ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. इंटेलच्या आधीच्या चिप ३८६, ४८६ अशा आकड्यांनी ओळखल्या जात. पण निव्वळ आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नाही, हे अमेरिकेतील न्यायालयात स्पष्ट झाले आणि प्रतिस्पर्धी तेच आकडे खुशाल वापरू लागले. म्हणून १९९३ साली आलेल्या चिपला ‘५८६’ऐवजी ‘पेंटियम’ हे नाव मिळाले. पुढे १९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यावरून १९९७ मध्ये के-६ ही चिप आली. पेंटियमच्या जनकाने असा प्रतिस्पर्ध्याच्या घरचा पाळणाही हलविला.

आकडा नावातून गेला, पण जाहिरातीत शिरला. ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा अॅथलॉन जाहीर केला. इंटेलने ८ मार्चला आपला एक गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ पुढे केला. अवघ्या ४८ तासांच्या फरकाने मान गेला, ही जखम इंटेलला चांगलीच झोंबली असावी. कारण जुलैअखेर कंपनीने घाईघाईने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारात उतरविला.

येथे रंगमंचावर आले ते संगणकवेडे. व्यवसायाने डॉक्टर असलेले जर्मनीचे थॉमस पाब्स्ट हे हार्डवेअरची चिरफाड करणारे संकेतस्थळ चालवीत. नवी चिप विशिष्ट कामे करताना कोलमडते, असे निदान या डॉक्टरांनी केले. अमेरिकेतील कायल बेनेट यांनाही तोच अनुभव आला. प्रारंभी इंटेलने ते मनावर घेतले नाही. पण स्वतःच्या प्रयोगशाळेतही दोष दिसल्यावर महिनाभरातच ही चिप बाजारातून परत बोलवावी लागली. एका बलाढ्य कंपनीची नाडी दोन हौशी माणसांनी अचूक पकडली होती.

लांबलचक रांग

नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा आकडा मिरवीत. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र विलक्षण दृश्य दिसले. कित्येक कामांत कमी गिगाहर्ट्झचा अॅथलॉन, एवढेच नव्हे तर इंटेलचा स्वतःचा जुना पेंटियम ३ देखील या नव्या बाळाला मागे टाकीत होता.

कारण चिपच्या रचनेत होते. प्रोसेसरमधील काम कारखान्यातील साखळीसारखे टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पेंटियम ३ मध्ये या साखळीचे १० टप्पे होते, पेंटियम ४ मध्ये ते २० झाले. टप्पे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला छोटे काम येते, म्हणून ठेका जलद करता येतो आणि खोक्यावरचा आकडा फुगतो. परंतु प्रोसेसरला पुढे कोणते काम येणार, याचा सतत अंदाज बांधावा लागतो. मोदक लागतील असे समजून वीस जणांची रांग कामाला लावावी आणि यजमानाने ऐन वेळी जिलेबी मागावी, तर रांगेतील अर्धेकच्चे मोदक टाकून द्यावे लागतात. रांग जितकी लांब तितकी नासाडी मोठी. फेब्रुवारी २००४ मधील ‘प्रेस्कॉट’ या अवतारात तर हे टप्पे ३१ वर गेले.

ग्राहकाला यातले काही दिसत नव्हते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा दिल्लीचे नेहरू प्लेस, काउंटरवरचा पहिला प्रश्न ‘किती गिगाहर्ट्झ?’ हाच असे. मुलाच्या शिक्षणासाठी पै-पै साठवून संगणक घेणाऱ्या कुटुंबाला दुसरे परिमाण ठाऊकच नव्हते आणि ते सांगण्यात विक्रेत्यालाही रस नव्हता.

जशास तसे

एएमडीने यावर बेरकी तोडगा काढला. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या अॅथलॉन एक्सपीच्या खोक्यावर गिगाहर्ट्झऐवजी ‘१८००+’ असा क्रमांक झळकला. आत चिप धावत होती १.५३ गिगाहर्ट्झने. ही तुलना आपल्याच जुन्या अॅथलॉनशी आहे, असे कंपनी गंभीर चेहऱ्याने सांगे. हा निर्देश पेंटियम ४ कडे आहे, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. आकड्यांचा भ्रम दूर करण्यासाठी आणखी एक आकडा! काट्याने काटा काढण्याचा हा प्रकार होता.

अॅपलने नैतिक उंची गाठली. जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेगाहर्ट्झचे मिथक’ या विषयावर जणू प्रवचनच दिले. ८६७ मेगाहर्ट्झचा मॅक १.७ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला फोटोशॉपमध्ये कसा हरवितो, याचे प्रात्यक्षिक झाले. प्रवचनाचा आशय बरोबरच होता; चाचण्या मात्र अर्थातच कीर्तनकाराने स्वतः निवडलेल्या होत्या. पुढे २००३ मध्ये याच जॉब्स यांनी वर्षभरात तीन गिगाहर्ट्झचा मॅक देण्याची ग्वाही दिली. आकडा मिथक असला तरी तो आपल्या बाजूचा असल्यास कोणाला नको असतो? तो मॅक दिलेल्या मुदतीत आलाच नाही आणि जून २००५ मध्ये अॅपलने इंटेलच्याच प्रोसेसरशी सोयरीक जाहीर केली.

आधीच उल्हास...

शर्यत थांबविली ती अखेर उष्णतेने. चिपला लागणारी वीज ठेक्याच्या वेगाबरोबर वाढतेच. पण वेग वाढविण्यासाठी विजेचा दाबही वाढवावा लागतो आणि दाब दुप्पट झाला की विजेची गरज चौपट होते. त्यात भागांचा आकार ९० नॅनोमीटरच्या पिढीपर्यंत आक्रसल्यावर, काम नसतानाही वीज झिरपून वाया जाऊ लागली. एक गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ सुमारे ३० वॉटवर भागवीत असे. प्रेस्कॉटने १०० वॉटची वेस ओलांडली. संगणकवेड्यांनी लगेच त्याचे बारसे केले, ‘प्रेसहॉट’!

या मंडळींचा विनोद पक्षपाती मात्र नव्हता. पाब्स्ट यांच्या चमूने २००१ मध्ये चालू संगणकातील चिपवरचे थंडावा देणारे धातूचे ठोकळे काढून पाहिले. पेंटियम ४ मंदावला, पण जगला. अॅथलॉन क्षणात धूर सोडून इहलोक सोडून गेला. ब्रिटनमधील एका हौशी गृहस्थाने २००२ मध्ये अॅथलॉन एक्सपीवर चक्क अंडे शिजविले. खुद्द इंटेलचे वरिष्ठ अधिकारी पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्येच धोक्याची घंटा वाजविली होती. वाढ याच गतीने चालू राहिली, तर चिपच्या पृष्ठभागावरील उष्णतेची घनता २००५ पर्यंत अणुभट्टीची, २०१० पर्यंत अग्निबाणाच्या नळकांड्याची आणि २०१५ पर्यंत सूर्याच्या पृष्ठभागाची बरोबरी करील, असा त्यांचा हिशेब होता. मांडीवर सूर्य घेऊन पत्र टंकणारा ग्राहक मिळणे कठीण होते.

मे २००४ मध्ये इंटेलने प्रेस्कॉटच्या पुढची चिप रद्द केली. तिचे सांकेतिक नाव होते ‘तेजस’. मराठी वाचकाला यापेक्षा समर्पक नाव सुचले नसते. त्याच वर्षी चार गिगाहर्ट्झचा बेतही गुंडाळला गेला आणि बॅरेट साहेबांचे गुडघे जमिनीला लागले. इंटेल स्वतःच खोक्यांवर गिगाहर्ट्झऐवजी मॉडेल क्रमांक छापू लागली. जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. इंटेलच्या इस्रायलमधील चमूने पेंटियम ३ च्याच वंशावळीतून तो घडविला होता. टप्पे पुन्हा १४ वर आले. २.४ गिगाहर्ट्झची ही चिप ३.६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीला सहज मागे टाकीत होती. ज्या कंपनीने पावले मोजायला शिकविले, तिनेच अखेर पळीचे महत्त्व मान्य केले.

पंधरा डॉलरची भरपाई

ग्राहकाचे काय झाले? पेंटियम ४ ची कामगिरी फुगवून दाखविल्याचा आरोप करीत अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. तो वर्षानुवर्षे चालला. २०१४ मध्ये इंटेलने कोणतीही चूक मान्य न करता तडजोड केली आणि सुरुवातीच्या काळातील पात्र खरेदीदारांना प्रत्येकी १५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ९०० रुपये, देऊ केले. तोवर ते संगणक केव्हाच भंगारात गेले होते. या तडजोडीत लॅमिंग्टन रोडवरच्या ग्राहकाला अर्थातच स्थान नव्हते.

गिगाहर्ट्झची वाढ तेव्हापासून रखडली आहे. मार्च २००० मधील एकवरून नोव्हेंबर २००२ मध्ये तीनवर पोहोचायला तीन वर्षेही लागली नाहीत. तीनवरून सहावर यायला मात्र जानेवारी २०२३ उजाडावा लागला. आणि त्याच पिढीतील तसेच पुढच्या पिढीतील इंटेलच्या अनेक डेस्कटॉप चिप अतिरिक्त दाबामुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. १.१३ गिगाहर्ट्झची आठवण यावी, असाच हा प्रसंग.

आकड्यांचा बाजार मात्र ओसरलेला नाही. केवळ आकडे बदलले आहेत. चिपच्या पिढीला दिलेले ‘तीन नॅनोमीटर’ हे नाव आज आतील कोणत्याही भागाचे मोजमाप नाही. इंटेलने २०२१ मध्ये आपल्या दहा नॅनोमीटर तंत्राच्या सुधारित आवृत्तीचे ‘इंटेल ७’ असे नामकरण केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लॅपटॉपवर ‘टॉप्स’ हा नवा टिळा आला असून, मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आपल्या नव्या वर्गासाठी किमान ४० टॉप्सची अट घातली. हे आकडे खोटे नसतात. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसतात. संगणकावर रोज काय करायचे आहे आणि नेमके तेच काम तो किती वेळात करतो, हा खरा प्रश्न.

त्यामुळे खरेदीला निघण्यापूर्वी शेजारच्या त्या विक्षिप्त मुलाला गाठावे, ज्याच्या खोलीत उघडा पडलेला संगणक आणि तीन पंखे घरघरत असतात. तो तासभर कंटाळा आणील, दोन-चार कंपन्यांचा उद्धार करील. पण वाढप्याची पावले न मोजता पळी पाहायला तोच शिकवील. आणि त्यासाठी चहाखेरीज काही मागणार नाही.