व्हर्नची तोफ चुकली, वाचकांनी हिशेब पुरा केला

२३ जुलै १९६९. चंद्रावरून परतणारं 'अपोलो ११' दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरणार होतं. त्या रात्री यानातून झालेल्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणात नील आर्मस्ट्राँग यांनी सुरुवातीलाच नाव घेतलं ते एका कादंबरीकाराचं. ज्यूल व्हर्न नावाच्या लेखकानं शंभर वर्षांपूर्वी चंद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं होतं आणि त्यातलं यानही फ्लोरिडातूनच निघून पॅसिफिक महासागरात उतरलं होतं, याची त्यांनी जगाला आठवण करून दिली.

व्हर्न मराठी वाचकाला परका नाही. भा. रा. भागवतांनी त्याच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि कित्येक पिढ्यांनी चंद्राची पहिली सफर त्या पानांवरूनच केली. १८६५ मध्ये आलेली त्याची चंद्रप्रवासाची कादंबरी आणि पाच वर्षांनी आलेला तिचा उत्तरार्ध आज अपोलो मोहिमांशेजारी ठेवून वाचला, तर साम्यं पाहून थक्क व्हायला होतं. व्हर्नच्या यानात तीन माणसं, अपोलोतही तीनच. त्याचं यान ॲल्युमिनियमचं. अपोलोच्या ज्या कक्षात अंतराळवीर बसत, त्याचा आतला सांगाडाही ॲल्युमिनियमचाच. त्याचे प्रवासी डिसेंबरात निघतात, चंद्राला वळसा घालून येतात, पॅसिफिकमध्ये पडतात आणि अमेरिकी नौदलाचं जहाज त्यांना उचलून घेतं. डिसेंबर १९६८ मध्ये 'अपोलो ८' नं नेमकं हेच केलं. व्हर्ननं प्रवासाला दिलेला वेळ सुमारे ९७ तासांचा होता. 'अपोलो ११' उड्डाणानंतर सुमारे १०३ तासांनी चंद्रावर उतरलं.

यामुळे व्हर्नला द्रष्टा म्हणण्याची प्रथा पडली. मला मात्र त्याच्या जुळलेल्या गोष्टींपेक्षा त्याची सर्वांत मोठी चूक अधिक मोलाची वाटते. माणूस चंद्रावर पोचला त्यात त्या चुकीचा वाटा फार मोठा आहे.

तोफेच्या नळीतला क्षण

व्हर्नचे प्रवासी चंद्राकडे जातात ते तोफेच्या गोळ्यात बसून. ही तोफ ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांबीची, जमिनीत उभी ओतलेली. तिच्या तळाशी गनकॉटन हे स्फोटक ठासलेलं. गोळ्याला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग मिळाला पाहिजे, असं कादंबरीतले शास्त्रज्ञ सांगतात. हा आकडा जवळजवळ अचूक आहे. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला साधारण तेवढाच वेग लागतो. व्हर्ननं तो मनानं ठरवला नव्हता. त्या काळचं खगोलशास्त्र अभ्यासून, आकडेमोड करून त्यानं तो कथेत मांडला होता.

आता हा वेग २७४ मीटरांच्या नळीत मिळवायचा म्हणजे काय, ते पाहू. गोळा नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा विसावा भागसुद्धा लागणार नाही. तेवढ्या वेळात शून्यापासून ११ किलोमीटर वेग गाठायचा, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त होतं. साठ किलो वजनाच्या माणसाचा भार त्या क्षणी बाराशे टनांच्या वर जाईल. हा धक्का व्हर्नला जाणवला होता, म्हणून त्यानं गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी दिली. पण पाणीही त्याच गोळ्याबरोबर वेग घेत असतं. अशा भारापुढे तीन फूट पाणी काय करणार? प्रवासी नळीच्या बाहेर पडण्याआधीच मेले असते.

चूक शोधणारे वाचक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका मुलाला आईनं व्हर्नची ही पुस्तकं दिली. हेरमान ओबर्थ त्याचं नाव. त्यानं ती इतक्या वेळा वाचली की बराचसा मजकूर त्याला तोंडपाठ झाला. मग त्यानं आकडे तपासायला घेतले. तोफेचा वेग बरोबर होता, पण तिच्या धक्क्यात माणूस वाचणार नव्हता. म्हणजे वेग हळूहळू वाढवायला हवा आणि त्यासाठी इंधन यानाबरोबरच न्यायला हवं. उत्तर रॉकेटपाशी येऊन थांबत होतं. त्याचा अंतराळप्रवासावरचा प्रबंध विद्यापीठानं नाकारला, तेव्हा त्यानं तो १९२३ मध्ये पुस्तकरूपानं छापला. जर्मनीत रॉकेटचं वेड पसरलं ते त्या पुस्तकानं.

त्याच्या आधी रशियात कालुगा गावातल्या एका शिक्षकानं हाच मार्ग धरला होता. लहानपणी स्कार्लेट फीव्हरमुळे कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली आणि पुस्तकं हीच त्यांची शाळा झाली. अंतराळप्रवासाच्या कल्पनेचं बीज आपल्या मनात व्हर्ननं पेरलं, असं ते सांगत. १९०३ मध्ये त्यांनी रॉकेटचं मूलभूत समीकरण प्रसिद्ध केलं. द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे इंधन वापरावं, हेही त्यात सुचवलं. तिसरे अमेरिकेचे रॉबर्ट गोडार्ड. सोळाव्या वर्षी एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी वाचून ते झपाटले. १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथं त्यांनी द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंद उडालं आणि सुमारे साडेबारा मीटर उंच गेलं.

तीन देश, तीन भाषा, सुरुवातीला एकमेकांची ओळख नाही. तिघांनाही कथेनं पेटवलं आणि तिघांनीही कथेतला मार्ग सोडून दिला. विज्ञानकथेनं विज्ञानाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी या तिघांकडे बोट दाखवीन. कथेनं त्यांना एक नेमकं, आकड्यांत मांडलेलं कोडं दिलं. व्हर्ननं प्रवाशांना मंत्रानं किंवा स्वप्नात चंद्रावर धाडलं असतं, तर त्यात तपासण्यासारखं काही उरलंच नसतं. त्यानं लांबी, वजन, वेग दिले, म्हणून त्याची चूक सापडू शकली.

इंधनाचा कठोर हिशेब

त्सिओल्कोव्स्कींचं समीकरण मात्र फार निष्ठुर आहे. समजा, रॉकेटच्या नळीतून वायू सेकंदाला तीन किलोमीटर वेगानं बाहेर पडतो. यानाला तीन किलोमीटर वेग द्यायचा, तर इंधनासकट सुरुवातीचं वजन शेवटी उरणाऱ्या वजनाच्या २.७ पट लागतं. सहा किलोमीटरसाठी ७.४ पट, नऊसाठी २० पट आणि अकरासाठी जवळजवळ ४० पट. हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ यांचा खर्च आणखी वेगळा.

म्हणूनच 'सॅटर्न ५' रॉकेट ११० मीटर उंच आणि सुमारे २९०० टन वजनाचं करावं लागलं. त्याचे टप्पे एकामागून एक जळून गळून पडत, कारण रिकाम्या टाक्यांचं ओझं पुढे नेणं परवडणारं नव्हतं. वरच्या दोन टप्प्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन होते, कालुगाच्या शिक्षकानं सुचवलेलेच. व्हर्नच्या तोफेत जो वेग क्षणार्धात मिळत होता, त्याचा मोठा भाग इथं सुमारे बारा मिनिटांत मिळे आणि अंतराळवीरांवरचा भार गुरुत्वाकर्षणाच्या साधारण चौपटीपर्यंतच जाई. पण २९०० टनांपैकी पृथ्वीवर परत येई तो सहा टनांहूनही हलका एक शंकू. कुठल्याही जुन्या कादंबरीत एवढी मोठी किंमत मोजलेली नव्हती.

जुलै १९६९ मध्ये 'अपोलो ११' चं उड्डाण पाहायला फ्लोरिडात ७५ वर्षांचे ओबर्थ हजर होते. तोफेची चूक शोधणाऱ्या मुलाला आपलं उत्तर आकाशात चढताना पाहायला मिळालं, याचा मला फार आनंद वाटतो.

कुत्र्याचं कलेवर आणि वजनाचं कोडं

व्हर्नची दुसरी चूक अधिक बारीक आहे. त्याच्या यानातला एक कुत्रा उड्डाणाच्या धक्क्यानं जखमी होऊन मरतो आणि प्रवासी त्याचं कलेवर खिडकीतून बाहेर टाकतात. ते मागे पडत नाही, यानाच्या बाजूनंच प्रवास करत राहतं. हे अगदी बरोबर आहे. इंजिन बंद असताना यान आणि त्याजवळची वस्तू एकाच गुरुत्वाकर्षणाखाली, एकाच वेगानं जात असतात. पण हाच नियम यानाच्या आतही लागू होतो, हे व्हर्नच्या ध्यानात आलं नाही. त्याचे प्रवासी आत पाय रोवून उभे राहतात. पृथ्वी आणि चंद्राची ओढ जिथं समसमान होते, त्या एका जागीच ते थोडा वेळ तरंगतात. प्रत्यक्षात नळीतून सुटल्या क्षणापासून ते तरंगू लागले असते. कुत्र्याच्या रूपानं उत्तर खिडकीबाहेरच होतं.

तरंगणं म्हणजे मौज, असंच कथांनी अनेक वर्षं मानलं. खरी किंमत शरीरानं सांगितली. १९७० मध्ये 'सोयुझ ९' मधून १८ दिवसांनी परतलेल्या दोन सोव्हिएत अंतराळवीरांना स्वतःच्या पायांवर उभं राहणंही जड गेलं. भार नसला की शरीराला हाडं अनावश्यक वाटू लागतात. पुरेसा व्यायाम नसेल, तर भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते, स्नायू झिजतात, अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं आणि काहींच्या दृष्टीवरही परिणाम होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. जून-जुलै २०२५ मध्ये तिथं राहून आलेले शुभांशु शुक्ला यांच्या प्रयोगांत मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग होता, तसा स्नायूंच्या झिजेचा अभ्यासही होता. त्या घरात माणूस स्वतःच प्रयोगाचा विषय असतो.

१९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात स्थानक गोल फिरतं आणि त्या फिरण्यातून कृत्रिम वजन मिळतं. विज्ञान म्हणून ही कल्पना चोख आहे. पण चक्र लहान असेल तर आतल्या माणसाला भोवळ येते आणि मोठं बांधायचं तर खर्च झेपत नाही. शिवाय वजनरहित अवस्थेतले प्रयोग हाच स्थानकाचा मुख्य उद्देश. त्यामुळे ते चक्र अजून कागदावरच आहे.

माणूस कमी, माणसं जास्त

त्याच चित्रपटाचे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये एका लेखात मांडलं, की विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवले तर ते आकाशात स्थिर दिसतील आणि जगभर संदेश पोचवतील. १९६४ मध्ये 'सिन्कॉम ३' नं हे प्रत्यक्षात आणलं. पण क्लार्क यांच्या मनात होती ती माणसांनी चालवलेली स्थानकं. त्या काळच्या रेडिओतले व्हॉल्व्ह सतत बदलावे लागत, मग वर कुणीतरी राहायला नको का? ट्रान्झिस्टर आला आणि वरचा माणूस अनावश्यक ठरला. पुढे व्हॉयेजर यानं गुरू-शनीच्या पलीकडे गेली, तीही माणसांवाचून.

आकाशात माणूस कमी झाला, तसा जमिनीवरचा मेळा वाढला. जुन्या कथांत एखादा प्रतिभावंत आणि त्याचे दोन-तीन साथीदार यान बांधून निघतात. वेल्स यांच्या १९०१ च्या कादंबरीत तर गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ एकटा संशोधक शोधतो आणि दोघं जण चंद्रावर जातात. व्हर्न इथंही जागा होता. त्याचा गन क्लब देशोदेशींहून वर्गणी काढून सुमारे ५४ लाख डॉलर उभे करतो. प्रत्यक्ष अपोलोला सुमारे २५०० कोटी डॉलर लागले आणि ऐन भरात चार लाख माणसं त्यावर राबत होती. चंद्रावर चालले ते बारा. डिसेंबर १९७२ नंतर त्या मातीवर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. पोचल्यावर आपण थांबू, हे कुठल्याच नामवंत कथाकाराच्या मनात आलं नसावं. अशा मोहिमा इंधनाइतक्याच लोकांच्या इच्छेवर आणि त्यांनी दिलेल्या पैशावर चालतात, हा धडा मला वाटतं सर्वांत महत्त्वाचा.

नव्या कथेसाठी नवे आकडे

आता मंगळाच्या गोष्टी सुरू आहेत. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे. तिकडे जायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. संदेश पोचायला मंगळाच्या स्थितीनुसार तीन ते बावीस मिनिटं, म्हणजे संकटात पृथ्वीला विचारून निर्णय घेता येणार नाही. मंगळावर गेलेल्या 'क्युरिऑसिटी' यानानं वाटेत मोजलेल्या किरणोत्सारावरून जाण्यायेण्यातच माणसाला सुमारे ०.६६ सीव्हर्ट मात्रा मिळेल, असा अंदाज निघाला. कर्करोगाचा धोका वाढवणारी ही मात्रा आहे. हाडं, पाणी, किरणोत्सार आणि एकटेपण हे आजच्या काळातले तोफेचे आकडे आहेत.

हे आकडे प्रामाणिकपणे मांडणाऱ्या कथा मराठीत याव्यात, असं मला मनापासून वाटतं. जयंत नारळीकरांनी दाखवलेली वाट तीच आहे. लेखकानं सगळं बरोबरच सांगावं, असा हट्ट नको. आपण काय गृहीत धरलं ते मात्र त्यानं स्पष्ट सांगावं, म्हणजे वाचकाला ते तपासता येईल.

तपासायला फार मोठी विद्वत्ताही लागत नाही. व्हर्नच्या तोफेतलं त्वरण काढायला गतीचं तिसरं समीकरण पुरतं आणि ते आपल्याकडे नववीच्या विज्ञानात शिकवतात. शिक्षकांनी त्या तासाला कादंबरीतली तोफ फळ्यावर काढावी, लांबी आणि वेग द्यावा आणि आतल्या प्रवाशांचं काय होईल ते मुलांना विचारावं. ओबर्थच्या हाती याहून वेगळं काही नव्हतं: एक गोष्ट, एक समीकरण आणि लेखकाचं म्हणणं पडताळून पाहण्याची मोकळीक.