बलून सफरीचे सुकाणू हवामानाच्या हाती

उमरी, प्रतिनिधी – थंडीच्या दिवसांत पहाटे उमरी परिसरात चुलींचा धूर उंच न जाता गावावरच थर धरून पसरलेला दिसतो. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असल्यामुळे असे घडते. हवेची ही स्तब्धता गरम हवेच्या बलूनला सर्वांत अनुकूल असते. बलूनच्या सफरी भल्या पहाटे निघतात, त्याचे कारण हेच.

महाराष्ट्रात लोणावळा-कामशेत परिसरात, तसेच राजस्थानात जयपूर व पुष्कर येथे या सफरी पर्यटकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. मराठवाड्यातून तेथे सहलीला जाणाऱ्यांनी तिकिटापूर्वी हवामानाचे गणित समजून घेणे हिताचे आहे.

वारा नेईल तिकडे

बलूनला सुकाणू नसते. बर्नरने हवा तापवून वर चढता येते आणि ती थंड होऊ देऊन किंवा माथ्यावरील झडप उघडून खाली येता येते. दिशा मात्र वारा ठरवतो. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी २१ हजार मीटरहून अधिक उंची गाठून विश्वविक्रम केला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून निघालेले त्यांचे बलून उतरले ते नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात.

पर्यटकांचे बलून इतके उंच जात नाही, तरी उतरताना वाऱ्याचा वेग निर्णायक ठरतो. वारा जोराचा असल्यास टोपली जमिनीवर आदळून फरफटत जाते. १३ सप्टेंबर २०२५ रोजी मध्य प्रदेशात गांधीसागर येथे मुख्यमंत्री मोहन यादव बसलेले बलून ताशी सुमारे २० किलोमीटरच्या वाऱ्यामुळे उडू शकले नाही. खालच्या भागाजवळ ज्वाला भडकल्याची दृश्ये सर्वत्र प्रसारित झाली. मुख्यमंत्री सुखरूप होते. सुरक्षेत त्रुटी नव्हती, असे प्रशासनाने सांगितले.

ऊन, वादळ आणि धुके

सूर्य वर आला की जमीन तापते आणि हवेचे प्रवाह उसळू लागतात. त्यात सापडलेले बलून अचानक वर फेकले जाते किंवा खाली खेचले जाते. बाहेरची हवा तापल्याने त्याची उचलण्याची शक्तीही घटते.

त्याहून घातक असते ते वादळ. गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून कित्येक किलोमीटर पसरते. त्यामुळे डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही सोसाट्याचा वारा गाठू शकतो. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळ २३ ऑगस्ट २०१२ रोजी ३२ जणांचे बलून वादळी वाऱ्यात कोसळले आणि ६ जणांचा बळी गेला. मराठवाड्यात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट आठवल्यास हिवाळा सरतानाचे आकाशही किती दगा देते, हे ध्यानात येईल.

धुके तर वाटच हिरावून घेते. अमेरिकेत टेक्सासमधील लॉकहार्ट येथे ३० जुलै २०१६ रोजी धुके व ढग असतानाही उडालेले बलून वीजवाहिनीवर आदळले. त्यातील सर्व १६ जण मृत्युमुखी पडले. धुके-ढगांत उड्डाण करण्याचा व ते सुरू ठेवण्याचा वैमानिकाचा निर्णय तपासात दोषी ठरला.

रद्द झाले तर?

या घटनांचा बोध एकच आहे. विमान संकट टाळून वळू शकते, बलूनला ती सोय नाही. म्हणून सुरक्षिततेचा मुख्य निर्णय जमिनीवरच घ्यावा लागतो. पैसे भरलेले, पहाटे उठून आलेले पर्यटक समोर असताना 'आज उड्डाण नाही' असे सांगणे वैमानिकाला सोपे नसते.

तेव्हा वैमानिकाकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे विचारावे. उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की दुसरी तारीख, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. सहलीत एखादा दिवस राखून ठेवावा. आणि रद्द झालेच, तर वैमानिकाशी हुज्जत घालू नये. त्या पहाटे तो आपले काम चोख बजावत असतो.