चंद्रावरची दप्तरी भाषा : विज्ञानविनोदाच्या माध्यमांतराविषयी

विज्ञानकथेवरील चित्रपटाचा विचार करताना समीक्षा बहुधा दोन प्रश्न विचारते : मूळ कथेतील काय वगळले, आणि पडद्यावरील यंत्रसृष्टी कितपत पटते. विज्ञानविनोदाच्या बाबतीत हे प्रश्न अपुरे ठरतात. या प्रकारातील हास्य बहुतांशी दप्तरी भाषेतून निर्माण होते. अवकाश हे त्या भाषेला दिलेले दूरचे नेपथ्य होय. माध्यमांतरात ही भाषा कोणाच्या तोंडी जाते, यावर रूपांतराचे यश अवलंबून असते. डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ या कृतीवरील २००५चा इंग्रजी चित्रपट आणि जबलपूरचे हिंदी व्यंग्यकार हरिशंकर परसाई यांची ‘इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर’ ही कथा एकत्र ठेवल्यास हे स्पष्ट होते.

अ‍ॅडम्स यांची कृती ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर श्रुतिकामालिका म्हणून प्रथम अवतरली. १९७९मध्ये तिची कादंबरी झाली, १९८१मध्ये दूरचित्रवाणी मालिका. तिचा जन्मच आवाजातून झाला, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. वळणरस्त्यासाठी आर्थर डेंटचे घर पाडले जाणार असते. त्याच दिवशी अवकाशातील महामार्गासाठी पृथ्वीही पाडली जाते. योजनेचे नकाशे शेजारच्या ताऱ्यावरील कचेरीत पन्नास वर्षे पाहण्यास ठेवले होते, आता हरकत घेऊन उपयोग नाही, असे पृथ्वीवासीयांना ऐकवले जाते. जगबुडीची वार्ता नगरपालिकेच्या नोटिशीच्या सुरात येते, म्हणून हसू येते.

अ‍ॅडम्स २००१मध्ये निवर्तले. पटकथा पुढे कॅरी कर्कपॅट्रिक यांनी पूर्ण केली आणि गार्थ जेनिंग्स यांनी चित्रपट दिग्दर्शित केला. स्टीफन फ्राय यांच्या आवाजातील ‘गाइड’ जेथे बोलते, तेथे मूळ कृतीचा सूर टिकतो. आर्थर आणि ट्रिलियन यांच्या प्रेमकथेला वाढीव जागा मिळते, तेथे तो सुटतो. मात्र चित्रपटाने स्वतःची अशी एक भरही घातली आहे. ट्रिलियनच्या सुटकेसाठी वोगॉनांच्या ग्रहावर रांगेत उभे राहून अर्ज भरावा लागतो. निवेदकाच्या शब्दांना मिळालेला हा खरा दृश्य पर्याय होय. अवाढव्य बाहुल्यांच्या रूपातील वोगॉन प्रेक्षकाला चकित करतात. हसवते ती रांग.

परसाई (१९२४–१९९५) यांचे लेखन जबलपुरात बहरले. ‘वसुधा’ हे मासिक त्यांनी येथूनच काढले. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतातील हे शहर १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचे ठाणे झाले. परसाईंची कथा याच जगाच्या शब्दसंपत्तीवर उभी आहे. चंद्रावरील शासनाच्या विनंतीवरून भारतीय पोलिसांतील मातादीन तेथील खात्याला तरबेज करण्यासाठी जातो. यानाच्या चालकाला तो आधी परवाना आणि दिवा याविषयी विचारतो. चंद्रावर हनुमानाचे मंदिर उभारवतो. पगार कमी केल्यास पोलीस दक्ष होतील, असा सल्ला देतो. यानाचे वर्णन कथेला फारसे लागतच नाही. एकदा परवान्याचा प्रश्न विचारला गेला, की अवकाश हे आपल्या नाक्याइतकेच ओळखीचे होते.

रंगभूमीला ही कथा मानवते, ती यामुळेच. मराठी वाचकाला येथे लोकनाट्याच्या वगाची आठवण होईल. वगात पात्राने रंगमंचावर एक फेरी मारली की गाव बदलते. प्रेक्षक नेपथ्य मागत नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) मध्ये राजा, कोतवाल आणि हवालदार यांच्या बोलण्यातूनच राज्य उभे राहते. हे लोकनाट्य ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने हिंदीत गेले आणि तेथेही रुजले. अधिकाराची बोली ओळखीची असली म्हणजे भाषेची सीमा ओलांडणे सोपे जाते, याचे हे उदाहरण आहे.

परंतु परसाई हसवून थांबत नाहीत. जखमी माणसाला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या सज्जनालाच मातादीन खुनी ठरवतो : कपड्यांवर रक्त आहे, आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार तयार करता येतात. त्याला शिक्षा होते. त्यानंतर चंद्रावर कोणी कोणाच्या मदतीस जात नाही. बुडणारे बुडू दिले जातात. अखेर शासन मातादीनला परत पाठवते. ही अतिशयोक्ती नव्हती, याचा पुरावा साहित्याबाहेर आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांची छळणूक होऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये बंधनकारक केल्या आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्या संरक्षणाचे कलम आले. चंद्रावर कल्पिलेली भीती पृथ्वीवर कायद्याने दूर करावी लागली.

अ‍ॅडम्स यांच्या कृतीत पृथ्वी नष्ट होते आणि विनोद पुढे चालू राहतो. परसाईंच्या चंद्रावर काहीच पाडले जात नाही, तरी माणसांतील विश्वास नाहीसा होतो आणि विनोद तेथे थबकतो. मातादीनची कथा पडद्यावर आणू पाहणाऱ्याने चंद्राच्या पृष्ठभागापेक्षा त्या पंचनाम्याची भाषा जपावी. ती साध्य झाली, तर साध्या भिंतीपुढेही चंद्र उभा राहील.