सायटोमेगॅलो विषाणूजन्य दृष्टिपटलदाह : औषध-प्रतिरोध व उपचार

प्रास्ताविक :
सायटोमेगॅलो हा नागीणकुलातील विषाणू बहुसंख्य भारतीय प्रौढांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो. मात्र एच.आय.व्ही. बाधिताच्या सी.डी.-४ पेशी प्रति घन मिलिमीटर ५० पेक्षा कमी झाल्यास, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यास, तो दृष्टिपटलावर आघात करतो. डोळा सहसा दुखत नाही. केवळ नजरेपुढे ठिपके तरंगतात. नष्ट झालेले दृष्टिपटल पुन्हा निर्माण होत नाही, म्हणून विलंब घातक ठरतो.

प्रतिरोधाचे स्वरूप :
गॅन्सिक्लोव्हिर हे प्रमुख औषध विषाणूच्याच यू.एल.९७ या विकरामुळे क्रियाशील होते. त्याच्या जनुकात बदल झाल्यास औषध निष्प्रभ ठरते. दीर्घकाळ चाललेले किंवा अपुऱ्या मात्रेतील उपचार या बदलास पोषक ठरतात. तथापि प्रकृती खालावणे म्हणजे प्रतिरोधच, असे नव्हे. मात्रा चुकल्या का, किंवा परतणाऱ्या प्रतिकारशक्तीमुळे दाह वाढला का, हेही तपासावे लागते.

उपचार :
प्रतिरोध आढळल्यास फॉस्कार्नेट वापरतात. त्यास यू.एल.९७ ची आवश्यकता नसते. परंतु मूत्रपिंडावरील परिणामांमुळे रक्ततपासणी अनिवार्य ठरते. डोळ्यात इंजेक्शन दिल्यास तेथे औषधाचे प्रमाण पुरेसे राहते, मात्र दुसऱ्या डोळ्याचे व शरीराचे रक्षण होत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रत्यारोपित रुग्णांसाठी मान्य झालेले मॅरिबाव्हिर डोळ्यातील संसर्गासाठी भरवशाचे मानले जात नाही.

एच.आय.व्ही. बाधितांत खरा आधार प्रतिकारशक्तीच्या पुनर्स्थापनेचा आहे. १ एप्रिल २००४ पासून भारत शासनाने मोफत ए.आर.टी. सुरू केली, मुंबईचे सर ज. जी. रुग्णालय आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. या उपचाराने सी.डी.-४ संख्या १०० च्या वर काही महिने स्थिर राहिल्यास व व्रण शांत असल्यास तज्ज्ञ विषाणूरोधक औषध थांबवू शकतात. त्यामुळे प्रतिरोधाची संधीही घटते.

निष्कर्ष :
भोर तालुक्यातील शिवरे यांसारख्या गावातील रुग्णास वारंवार इंजेक्शनासाठी पुणे गाठणे म्हणजे प्रत्येक वेळी मजुरी बुडणे होय. खंडित उपचारात दृष्टी व औषधाची परिणामकारकता दोन्ही धोक्यात येतात. म्हणून सी.डी.-४ संख्या घटलेल्या प्रत्येक रुग्णाची, तक्रार नसतानाही, बाहुली विस्फारून नेत्रतपासणी करणे हाच सर्वांत स्वस्त व श्रेयस्कर उपाय ठरतो.